हरेश्वरचं सतरावं कलम

हरेश्वर वैती कोळ्याच्या पोटी जन्माला आला आणि जन्मभर पाण्याला भ्याला. होडी खाडीतून बाहेर पडून मोठ्या पाण्याला लागली की त्याच्या पोटात जे ढवळायला लागायचं, ते परत किनाऱ्याला पाय टेकेपर्यंत थांबायचं नाही. बापाने दोनदा नेला, तिसऱ्यांदा कपाळाला हात लावून म्हणाला, "ह्याला शालंत घाला. होरीवर हा आपल्यालाच बुरवील."

म्हणून चारकोपच्या खाडीकाठी साठ-सत्तर घरांच्या त्या कोळीवाड्यात पहिला मॅट्रिक झाला तो हरेश्वर. धाकटा भाऊ चंदर होडीवर गेला आणि हरेश्वर मरोळच्या एका कारखान्यात कारकून झाला. अक्षर मोत्यासारखं. कोणाचं पत्र, कोणाचा अर्ज, कोणाचं रेशनकार्ड, सगळं त्याच्या ओटीवर यायचं. वस्तीत त्याला कायदेमास्तर म्हणत. चेष्टेने म्हणत, पण म्हणत. भित्र्या माणसाला कागद फार आवडतो. कागद लाटेसारखा अंगावर येत नाही, अशी त्याची समजूत होती.

त्रेसष्ट साली वस्तीने मासेमारीची सोसायटी काढायची ठरवली. बर्फ, डिझेल, नायलॉनचं सूत, सगळं सोसायटीच्या नावावर मिळणार होतं. चेअरमन कोण, हा प्रश्नच नव्हता. बळवंत केणी हा वस्तीचा पाटील. दोन होड्यांचा मालक, आणि एका वादळात बुडत्या होडीवरून चार माणसं त्याने ओढून काढलेली. चिटणीस कोण, हाही प्रश्न नव्हता. नियम लिहायचं काम हरेश्वरकडे आलं आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने रद्दीवाल्याकडून भारताच्या संविधानाचं मराठी पुस्तक आणलं. सोसायटीचे नियम कसे लिहावेत हे देशाच्या नियमांवरून शिकायचं, असा त्याचा बेत. त्या वेळी चीनच्या लढाईमुळे देशात आणीबाणी होती. लढाई महिन्याभरात आटोपली होती, आणीबाणी मात्र चालूच होती, आणि ती चालू आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. कायदेमास्तरांच्याही नाही.

आता त्या वस्तीची एक रीत सांगितली पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडाला पाटील बंदरावर लाल बावटा चढवायचा. बावटा वर असेतो एकही होडी पाण्यात जायची नाही आणि पाटलाचा शब्द शेवटचा. कोणाची होडी कुठे ओढायची, साठवणीतला तांदूळ कोणाला किती द्यायचा, तो सांगेल ते. कोणी हुज्जत घालायची नाही. पण बावटा उतरवणं पाटलाच्या हातात नव्हतं. ज्या बाईचा माणूस दर्याने नेला, अशी वस्तीतली सगळ्यात थोरली बाई नारळी पुनवेला बंदरावर यायची, पाण्याकडे बघायची आणि आपल्या हाताने बावटा उतरवायची. एका वर्षी पाटील म्हणाला, अजून पंधरा दिवस राहू दे. बाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, दोरी सोडली. ही रीत कोणी घातली, का घातली, कोणी विचारलं नव्हतं. त्या काळात हा मान सरूबाईकडे होता. ती हरेश्वरची सख्खी मावशी.

हरेश्वरने कलम सतरा लिहिलं ते असं: वादळ, अस्मानी संकट अगर वस्तीतील अशांतता उद्भवल्यास सर्व अधिकार चेअरमन यांस राहतील, सभा बोलावण्याची आवश्यकता राहणार नाही, आणि सदर अधिकार संकट संपेपर्यंत चालू राहतील. त्यातली 'अशांतता' त्याने संविधानातून उचलली होती. तिथे 'अंतर्गत अशांतता' होतं, म्हणजे नेमकं काय ते सांगितलेलं नव्हतं, पण शब्द भारदस्त होता.

नियम वाचून दाखवायला वस्ती बंदरावर जमली. सतरावं कलम ऐकून सरूबाईने विचारलं, "नि संकट सरला, ह्या कोन सांगनार?"

"चेअरमनच सांगणार ना, मावशी."

"ज्यानं चरवला त्यानंच उतरवाचा? आपल्यात असा नसतं."

हरेश्वर हसला. "अगं, हा सरकारात जायचा कागद आहे. विधवेने येऊन बावटा उतरवायचा असं लिहिलं तर ऑफिसातले लोक माझं हसं करतील."

सगळे हसले. बळवंतही हसला, आणि बळवंत तेव्हा खरोखरच चांगला माणूस होता. हीच तर मेख आहे. असली कलमं लिहिताना समोर नेहमी चांगला माणूस बसलेला असतो.

बारा वर्षं काही बिघडलं नाही. दोन वादळांत बळवंतने कलम सतरा वापरलं आणि पाणी निवळताच सभा बोलावली. मग चारकोपकडे जमिनीला भाव आला. वस्तीच्या मागे मासळी सुकवायची मोठी जागा होती, बायका तिथे बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगत. ती जागा बळवंतने एका बिल्डरला परस्पर कबूल केली. पंच्याहत्तरच्या मे महिन्यात बायकांना हे कळलं आणि वस्ती पेटली. चंदर पुढे झाला. हा हरेश्वरच्या अगदी उलटा. पाण्याला भ्याला नाही आणि माणसालाही नाही. घरोघर फिरून त्याने सभेच्या मागणीवर बावन्न सह्या-अंगठे गोळा केले. सभा घ्यावीच लागणार होती. एकोणतीस जून, रविवार, ही तारीख ठरली.

सव्वीसला सकाळी हरेश्वर कामावर निघायच्या आधी चहा पीत होता. शेजारच्या रेडिओवर बातमी लागली. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, कारण अंतर्गत अशांतता. शब्द ओळखीचे होते. बशी हातात तशीच राहिली आणि पोटात ढवळायला लागलं. पाय जमिनीवर होते, तरी.

सत्तावीसला संध्याकाळी बळवंत सभेची वही घेऊन ओटीवर आला आणि समोर बसला.

"लिव. वस्तीत अशांतता हाय, म्हनून कलम सतरा परमानं सभा रद्द."

"अशांतता कुठे आहे, बळवंतदादा? बायका तेवढ्या ओरडतायत."

"दिल्लीला हाय. दिल्लीला हाय तं हितं नाय?" बळवंत आवाज न चढवता बोलत होता. "दिस वाईट हायेत, हरेश्वर. कोन कोनाचा नाव कवा दील, सांगता येत नाय. तुजी नोकरी हाय, पोरं हायेत."

हरेश्वरने लिहिलं.

"कोनामुलं अशांतता, त्या पन लिव. नायतर कागद पक्का होत नाय."

हरेश्वरने पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. मग आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: श्री. चंदर वैती यांच्या चिथावणीमुळे. खाली सही, चिटणीस. वस्तीची वही, वस्तीतच राहणार, बाहेरचं कोण बघतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायला फार वेळ लागत नाही.

नऊ जुलैला दुपारी चंदर बंदरावर जाळं सांधत बसला होता. जीप आली. साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटांचं काम आहे, असं हवालदार म्हणाला. चंदरने बायकोला, शेवंतीला, हाक मारून भात टाकायला सांगितलं आणि तो जीपमध्ये बसला. त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की त्याला मिसा कायद्याखाली धरलं आहे आणि तो नाशिककडच्या तुरुंगात आहे. चोरी नाही, मारामारी नाही, खटला नाही. सुटणार कधी, याला तारीख नाही.

हरेश्वरने बळवंतला गाठलं. "दादा, वहीतलं पान कोणाला दाखवलंत?"

"नक्कल दिली. मांगितली, दिली." बळवंत त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. "मला ठाव नव्हता त्याला उचलतील. पन आता बोलू नको. अक्षर तुजा हाय."

त्या दिवसापासून हरेश्वर खरा भ्याला. त्याआधीचं भय म्हणजे पोरखेळ होता. वही त्याच्याच घरात, कपाटात. चिटणीसच होता ना तो. पान फाडावं तर पानांवर नंबर छापलेले. जाळावी तर बळवंत विचारणार. वस्तीचा आवाज बसला होता. पत्रं लिहून घ्यायला कोणी येईना. बंदरावर दोघे बोलत असले की तिसरा आल्यावर मासळीच्या भावाचं बोलायला लागत. संविधानाचं पुस्तक घरात असणं हा गुन्हा आहे की नाही, हेही त्याला सांगता येईना. इतरांना तो कायदा शिकवायचा, आणि त्याने ते पुस्तक सुक्या बोंबलांच्या टोपलीत तळाशी दडपलं. बायको वनमाला म्हणाली, पोलीस आले तर वासानेच परत जातील. तो हसला नाही.

शेवंती रोज यायची. "भावोजी, तुमाला कायदा येतं. तुमीच काय तं करा." ती असं म्हणाली की हरेश्वरला वाटायचं, हिला सगळं कळलंय आणि ही मला छळायला येते. पण तिला काही माहीत नव्हतं. तिचा त्याच्यावर विश्वास होता, आणि तेच जास्त वाईट होतं.

एवढं मात्र त्याने केलं. भावाला सोडवायचं, काही झालं तरी सोडवायचं, असं ठरवून तो अंधेरीला गुप्ते वकिलांकडे गेला. चंद्रप्रकाश गुप्ते हे पन्नाशीचे, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी आधी उठून खिडकी लावली.

"वकीलसाहेब, अशांतता आहे की नाही, हे ठरवतं कोण?"

"राष्ट्रपती सही करतात. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने."

"म्हणजे ज्यांना अधिकार पाहिजेत तेच सांगणार, आम्हाला अधिकार द्या?"

"हो. तसंच आहे."

"आणि अशांतता म्हणजे काय?"

"व्याख्या नाही."

"संपली हे कोण सांगणार?"

"तेच." गुप्त्यांनी चष्मा पुसला. "अहो, बांगलादेशच्या लढाईच्या वेळची आणीबाणी अजून उठवलेली नाही, ठाऊक आहे? ही तिच्यावर दुसरी. आणि हा हुकूम बरोबर की चूक हे कोर्टाने विचारायचं नाही, असंही आता करून ठेवतायत. हे बाहेरून कोणी फोडलेलं नाही, वैती. दार आपणच ठेवलं होतं. बांधणारी माणसं चांगली होती, त्यांना वाटलं पुढेही चांगलीच माणसं येतील."

वकील देशाचं सांगत होते आणि हरेश्वरला एकेक ओळ आपल्या हातची वाटत होती. त्याने चाचरत विचारलं, "समजा, पोलिसांकडे एखाद्या वहीची नक्कल असेल. आणि लिहिणाऱ्याने कबूल केलं की ते खोटं होतं. तर?"

गुप्त्यांनी पेन खाली ठेवलं. "तर बहुतेक लिहिणाराही आत जाईल. भाऊ सुटेलच असं सांगता येत नाही, कारण का धरलं हे सांगायला ते बांधील नाहीत. पण अर्जाला जोर येईल. असा कोणी आहे का?"

"नाही," हरेश्वर म्हणाला.

अर्ज हायकोर्टात गेला. हायकोर्ट असले अर्ज ऐकायला तयार होतं, त्यामुळे हिवाळाभर थोडी आशा होती. शेवंती नाशिकला जाऊन भेटून आली. चंदर बारीक झालाय, खोकतो, पण दादूस काही ना काही करतोय हे ऐकून हसला, म्हणाली. मग शहात्तरच्या एप्रिलअखेर दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आला. चार विरुद्ध एक. आणीबाणी आहे तोवर आपल्याला का धरलं, हे विचारायला कोणालाही कोर्टात येता येणार नाही. गुप्त्यांनी हे सांगितलं आणि फाइलची नाडी बांधली. कोणाला गोळी घातली तरी दाद नाही का, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर सरकारी वकिलाने नाही असंच उत्तर दिलं म्हणे. हरेश्वर पायऱ्या उतरून रस्त्यावर आला आणि गटाराच्या कडेला बसून ओकला. येणारे-जाणारे बाजूने गेले.

त्या पावसाळ्यात सुकवणीच्या जागेला तारेचं कुंपण पडलं. नारळी पुनवेला बळवंतने सांगितलं, या वर्षी बावटा मी सांगेन तेव्हा उतरेल. कोणी चकार शब्द काढला नाही. सरूबाई तेव्हा सत्तरीची. ती काठी टेकत बंदरावर गेली, पाण्याकडे बघितलं आणि दोरी सोडून बावटा उतरवला. बळवंत नुसता बघत राहिला. म्हातारीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. तिथून ती सरळ हरेश्वरच्या ओटीवर आली. "माजा काम मी केला," म्हणाली. "तुजा तू कर." तिला वहीचं माहीत होतं की नुसता अंदाज होता, देव जाणे. हरेश्वर मान खाली घालून बसला. त्याने काहीच केलं नाही. दयेने लिहावं असा हा माणूस आहे, पण त्या दिवसाबद्दल त्याला माफ करावंसं वाटत नाही.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या. फेब्रुवारीत चंदर सुटून आला. जितक्या अचानक नेलं, तितक्याच अचानक सोडलं. का सोडलं तेही सांगितलं नाही. एकोणीस महिने झाले होते. केस पिकले होते, गालफडं बसली होती. हरेश्वरला त्याने मिठी मारली आणि म्हणाला, "दादूस, तू होतास म्हनून निभावला." हरेश्वरला वाटलं, त्या क्षणी धरणी दुभंगली तर बरं.

मार्चमध्ये दिल्लीचं सरकार पडलं, एप्रिलमध्ये बळवंत. बायकांनी चंदरला चेअरमन केलं. पहिली सभा मे महिन्यात बंदरावर भरली, गच्च. सरूबाई उठली आणि म्हणाली, आधी सतरावं कलम काढा.

चंदर उभा राहिला. "काढू, मावशे. पन तूर्त नको. कुंपन तोराचा हाय, जागा परत घ्यावाची हाय. बळवंतची मानसं अजून वस्तीतच हायेत, कागद करून ठेवलेत त्यांनी. दर गोष्टीला सभा घेत बसलो तं पाच वरसं जातील. जागा आली की मी सोता काढतो." तो थोडा खोकला. "मी काय बळवंत हाय?"

लोकांनी माना हलवल्या. खरंच होतं. जो माणूस त्यांच्यासाठी तुरुंगात गेला त्याच्यावर नाही तर कोणावर विश्वास टाकायचा? कोणी तरी म्हणालं, "हरेश्वर, लिव. कलम राहील."

हरेश्वर वही मांडीवर घेऊन बसला होता. आजवर जितका भ्याला होता त्याहून तो आता जास्त भ्याला, आणि या वेळी कशाला भ्यायचं ते त्याला स्पष्ट दिसत होतं. भाऊ जिवंत परत आला होता. गप्प बसलं तर भाऊ राहणार होता. तो उठला. मागची पानं उलटून त्याने सत्तावीस जूनचा ठराव वाचला, कारकुनी आवाजात, तारखेसकट. चंदर वैती यांच्या चिथावणीमुळे. खाली सही, हरेश्वर वैती, चिटणीस. "ह्याची नक्कल पोलिसांकडे गेली," तो म्हणाला. "म्हणून तुला नेला."

शेवंतीने पदर तोंडाला लावला.

चंदरने विचारलं, "कवरा येल लागला लिवाला?"

"पाच मिनिटं."

"मारला तुला त्यानं?"

"नाही. नुसता समोर बसला होता." हरेश्वरने वही मिटली. "चंदर, ह्या कलमाला लबाड चेअरमन लागत नाही रे. एक भित्रा चिटणीस पुरतो. तो मी आहे. मी काही बदललो नाही. उद्या तू माझ्यासमोर येऊन बसलास ना, तर तुझ्यासाठी पण लिहीन. कोणाचंही नाव लिहीन."

चंदरने भावाकडे पाहिलं नाही. तो सभेकडे वळला आणि म्हणाला, कलम काढायचं ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. पहिला हात त्याने स्वतःचा केला. मग बायकांचे गेले, मग बाप्यांचे. हरेश्वरने वही पुढे केली, पण पेन त्याने धरलं नाही. दुसऱ्या कोणी तरी लिहा, म्हणाला. वस्तीत तेव्हा लिहिता येणारी माणसं थोडी, आणि त्या दिवशी कोणी पुढे येईना. शेवटी शेवंती उठली. तिची चौथी झालेली. वही घेऊन ती जमिनीवर बसली आणि एकेक अक्षर विचारत, वेडंवाकडं लिहायला लागली. फार वेळ लागला. ऊन चढलं, भरतीचं पाणी होड्यांपर्यंत आलं, पण कोणी उठून गेलं नाही.

लिहून झाल्यावर चंदरने सही केली आणि तो घराकडे निघाला. दोघांची घरं एका भिंतीची, वाट एकच. हरेश्वर त्याच्यामागून चालत राहिला. चंदर त्याच्यासाठी थांबला नाही.